नाताळच्या गाण्यांत बर्फ कुठून आला, आणि आपली थंडी कुठे गेली?

नाताळची सुट्टी लागली की भाची गोव्यात डिचोलीला आमच्याकडे राहायला येते. गेल्या खेपेस ती आली तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या अंगणात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा उभारण्याचे काम चालू होते आणि ती दिवसभर तिकडेच रमली होती. पेंढ्याचे छप्पर, मातीच्या मेंढ्या, बशीत आधीच पेरून उगवून आणलेली नाचणीची हिरवी रोपे असे सगळे मांडून झाल्यावर छपरावर कापूस पसरायला सुरुवात झाली. पसरणाऱ्या मुलाच्या हनुवटीवरून घामाचा थेंब कापसावर पडला, तेवढ्या जागेवरचा बर्फ चपटा होऊन खालचा पेंढा दिसू लागला, आणि त्याने नवा बोळा काढून ती जागा बुजवली. स्पीकरवर बर्फातून पळणाऱ्या घोडागाडीचे ते जगप्रसिद्ध इंग्रजी गाणे लागले होते आणि सोप्यावरचा पंखा चारावर फिरत होता.

घरी आल्यावर तिने माझ्या आईला विचारले, "आजी, तुझ्या लहानपणी इथे बर्फ पडायचा?"

"बर्फ कुठला गं! पण थंडी पडायची. आता काय, डिसेंबर कधी आला नि कधी गेला, कळतसुद्धा नाही."

या दोन वाक्यांत दोन वेगळे प्रश्न आहेत. गोव्यासारख्या प्रदेशात बर्फाची गाणी आली कुठून, हा एक. आणि पूर्वी खरोखरच जास्त थंडी पडत होती का, हा दुसरा. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले, तर दुसऱ्याची अर्धी वाट चालून झालेली असते.

गोव्याचा हिवाळा म्हणजे नेमके काय

गोवा विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १५ अंशांवर आहे. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, म्हणजे २२ डिसेंबरच्या सुमारास, लंडनमध्ये सूर्य आठ तासही दिसत नाही आणि भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. त्याच दिवशी पणजीत सुमारे सव्वाअकरा तासांचा दिवस असतो आणि दुपारचा सूर्य ५० अंशांहून वर असतो. त्यातच पश्चिमेला अरबी समुद्र आहे. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे न्हाणीतल्या तांब्याच्या भाणातले पाणी विस्तव विझल्यावरही बराच वेळ कोमट राहावे, तसा समुद्र किनाऱ्याला रात्रभर ऊब पुरवत राहतो.

परिणामी डिसेंबर-जानेवारीत पणजीचे किमान तापमान साधारण २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि दुपारी पारा ३२-३३ अंशांपर्यंत चढतो. किमान तापमान म्हणजे चोवीस तासांतले सर्वांत कमी तापमान, जे बहुधा सूर्योदयाच्या सुमारास नोंदले जाते. समुद्रापासून दूर असलेल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांतल्या गावांत ते आणखी खाली जाते. निरभ्र रात्री जमिनीतली उष्णता आकाशाकडे निघून जाते, गार झालेली हवा जड असल्यामुळे खोलगट भागात येऊन साचते, आणि पहाटे ओहोळाच्या काठाने धुके उभे राहते. आपल्याकडच्या थंडीची मजल एवढीच. बर्फ पडायला पारा शून्याच्या जवळपास यावा लागतो, तेव्हा भाचीच्या प्रश्नाला आईने दिलेले उत्तर भूगोलाच्या दृष्टीनेही चोख आहे.

बर्फ बायबलात नाही, गाण्यांत आहे

नाताळ हा शब्द मराठीने पोर्तुगीजमधून घेतला आणि त्याचा अर्थ जन्म एवढाच आहे. येशूच्या जन्माची जी कथा बायबलात आहे, तीत ना तारीख आहे, ना हवामान. २५ डिसेंबरला हा सण साजरा झाल्याचा सर्वांत जुना उल्लेख रोममधला, इसवी सन ३३६ चा आहे. कथा घडते त्या बेथलेहेममध्ये बर्फ क्वचितच पडतो. म्हणजे कापसाचा तो थर मूळ कथेतला नव्हे, तो युरोपात आणि मग अमेरिकेत तिच्यावर चढला.

तो केव्हा चढला हे पाहू लागलो की एक गमतीची गोष्ट हाती येते. ऑस्ट्रियात साल्झबर्गजवळच्या ओबर्नडोर्फ या गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी पहिल्यांदा गायले गेलेले 'सायलेंट नाइट' हे गीत आज जगभरातल्या चर्चांतून ऐकू येते. त्याचे शब्द योजेफ मोर या धर्मगुरूने १८१६ साली लिहिले. त्याच्या आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता, त्यातून उडालेल्या कणांनी सूर्यप्रकाश अडवला होता, आणि युरोपात १८१६ हे उन्हाळा नसलेले वर्ष म्हणून ओळखले गेले. इतक्या गारठलेल्या काळात, आल्प्सच्या कुशीत लिहिलेल्या त्या मूळ जर्मन गीतात मात्र बर्फाचा शब्दही नाही. ज्याच्या दारात बर्फाचे ढीग साचतात, त्याला बर्फावर गाणे सुचत नाही. त्याला दार मोकळे करायचे असते.

घामाच्या धारांत लिहिलेली थंडीची गाणी

आता उलट बाजू पाहा. १९४५ चा जुलै महिना, अमेरिकेतले हॉलिवूड, आणि उकाड्याची लाट. त्या उकाड्यात सॅमी कान आणि जूल स्टाइन या जोडीने 'लेट इट स्नो' हे गाणे तयार केले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातच बॉब वेल्स हा गीतकार उकाड्याने इतका हैराण झाला होता की निदान मनाला तरी गारवा वाटावा म्हणून त्याने हिवाळ्याची चित्रे सुचवणाऱ्या काही ओळी वहीत खरडल्या; मेल टॉर्मे याने त्या पाहिल्या आणि दोघांनी मिळून 'द ख्रिसमस साँग' पुरे केले. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये, पुन्हा उष्णतेच्या लाटेत, लीरॉय अँडरसन यांनी 'स्ले राइड' या रचनेला हात घातला.

या सगळ्यांत सर्वांत बोलके उदाहरण 'व्हाइट ख्रिसमस'चे आहे. ते रचणारे अर्विंग बर्लिन रशियन साम्राज्यातून लहानपणी अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातले होते, म्हणजे नाताळ हा त्यांच्या घरचा सणही नव्हे. गाण्याचा सुरुवातीचा भाग आज फारसा कोणी गात नाही. त्यात लॉस एंजेलिसजवळचे ऊन, हिरवळ आणि ताडमाडांची झाडे आहेत, आणि त्या उन्हात बसलेला माणूस उत्तरेकडच्या हिवाळ्याची आठवण काढतो आहे. तो भाग गळला आणि आठवण तेवढी उरली. बिंग क्रॉस्बी यांच्या आवाजात हे गाणे १९४२ साली आले, तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते, आणि पॅसिफिक महासागरातल्या उष्ण बेटांवर तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी ते उचलून धरले. माडांच्या सावलीत बसून बर्फासाठी हळहळणारे ते सैनिक आणि कळंगुटमध्ये तेच गाणे ऐकणारा गोंयकार यांच्यातले अंतर आपण समजतो तितके मोठे नाही. फरक एवढाच, की सैनिकाने तो बर्फ पाहिलेला होता.

आपल्या अंगणातले ते घोडागाडीचे गाणे, म्हणजे 'जिंगल बेल्स', हे तर मुळात नाताळचेच नव्हे. जेम्स लॉर्ड पिअरपाँट यांचे हे गाणे १८५७ च्या सप्टेंबरमध्ये वेगळ्याच नावाने प्रसिद्ध झाले आणि त्यात नाताळचा उल्लेख कुठेही नाही. आहे ती तरुण मुलांनी बर्फावर गाडी पिटाळण्याची मौज. बर्फावरून गाडी आवाज न करता येते, म्हणून समोरच्याला कळावे यासाठी घोड्यांना घुंगरू बांधत. हे गाणे अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मेडफर्डमध्ये लिहिले गेले की दक्षिणेच्या उबदार सव्हानात, यावर ती दोन्ही गावे आजही भांडतात, आणि दोन्हीकडे तसे फलक लावलेले आहेत. मूर्ती आमच्याच गावात प्रकट झाली म्हणून भांडणाऱ्या गावांची सवय असलेल्या आपल्याला त्याचे नवल वाटायला नको.

मग त्यांची थंडी तरी खरी होती का?

हा आक्षेप रास्त आहे. गाणी दुरून लिहिली असली, तरी कुठेतरी, कधीतरी तो बर्फ पडलाच असेल. पडत होताच. साधारण १३०० ते १८५० या काळात युरोप आजच्यापेक्षा थंड होता. अभ्यासक या काळाला लघु हिमयुग म्हणतात. लंडनची थेम्स नदी काही हिवाळ्यांत इतकी गोठे, की तिच्यावर जत्रा भरे. अशी शेवटची जत्रा १८१४ च्या फेब्रुवारीत भरली. त्या वेळी पुढे कादंबरीकार झालेले चार्ल्स डिकन्स दोन वर्षांचे होत आले होते. त्यांचे बालपण इंग्लंडच्या अतिशय थंड दशकांपैकी एकात गेले, आणि १८४३ साली त्यांनी लिहिलेल्या नाताळकथेने पांढरा, गारठलेला नाताळ इंग्रजी वाचकांच्या मनात पक्का केला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे डिकन्स आपल्या काळातले हवामान लिहीत नव्हते. माझी आई सांगते तेच, 'आमच्या लहानपणीची थंडी', ते सांगत होते.

यात कॅलेंडरचाही एक वाटा आहे. ब्रिटनने १७५२ साली कॅलेंडर दुरुस्त करताना अकरा दिवस गाळले, त्यामुळे सूर्याच्या हिशेबाने नाताळ अकरा दिवस अलीकडे आला आणि ऐन जानेवारीच्या गारठ्यापासून थोडा दूर गेला. आपल्याकडे याच्या उलट घडते आहे. सूर्य उत्तरेकडे वळतो २२ डिसेंबरला, पण पंचांग ताऱ्यांच्या हिशेबाने चालत असल्यामुळे संक्रांत येते १४-१५ जानेवारीला, आणि दर ७० वर्षांच्या आसपास ती एकेक दिवस पुढे सरकते. तीळगूळ खाण्याचा दिवस अशा रीतीने मुंगीच्या पावलांनी उन्हाळ्याकडे चालला आहे.

आता घरची थंडी: पारा काय सांगतो

भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो. हा आकडा ऐकून कोणीही म्हणेल, की अर्ध्या-पाऊण अंशाने अंगाला काय कळणार?

याचे उत्तर खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेताच्या, बांधावर सापडते. बांधाची उंची तेवढीच ठेवली आणि खाडीचे पाणी सरासरीने चार बोटे वर चढले, तर रोजच्या भरतीत कोणाला फरक जाणवणार नाही. पण पूर्वी वर्षातून एकदोनदा बांधावरून उसळणारे पाणी आता कितीतरी जास्त वेळा उसळू लागेल. सरासरीतला छोटा बदल टोकाच्या दिवसांची संख्या मोठ्या प्रमाणात बदलतो. थंडीच्या बाबतीत हेच उलट बाजूने घडते: सरासरी किंचित वर सरकते आणि खरोखर हुडहुडी भरवणाऱ्या मोजक्या रात्री विरळ होतात. आपल्या लक्षात राहतात त्या नेमक्या याच रात्री.

'मग यंदा अमुक दिवशी एवढा गारठा होता, त्याचे काय?' असेही विचारले जाते. उत्तरेकडून थंड हवेचा लोट आला की गोव्यातही पारा उतरतो आणि पुढेही उतरेल. हवामान खाते किनारपट्टीवर १५ अंश किंवा त्याहून कमी किमान तापमानाला, ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी घसरलेले असेल तर, थंडीची लाट म्हणते. मैदानी प्रदेशात त्यासाठी १० अंशांपर्यंत उतरावे लागते. एका लाटेवरून हवामान पालटले की नाही हे ठरत नाही, जसे एका भरतीवरून खाडीची पातळी ठरत नाही.

कौल आणि स्लॅब

पाऱ्याने सांगितलेला फरक खरा आहे, पण आईला जाणवतो तेवढा तो मोठा नाही. उरलेला फरक कुठे आहे हे शोधायला आमच्या जुन्या घरात शिरावे लागते.

ते घर मंगळुरी कौलांचे होते. कौल पातळ असते, दोन कौलांमध्ये फट असते, आणि सूर्य मावळला की ते तासाभरात निवते. आतली उबदार हवा फटीतून वर निघून जाते आणि पहाटेचा गारवा सरळ अंथरुणावर उतरतो. खाली शेणाने सारवलेली जमीन, तिच्यावर चटई, अंगावर गोधडी. तोंड धुवायचे ते विहिरीवर, आणि आंघोळीचे पाणी तापेपर्यंत न्हाणीतल्या चुलीपुढे उकिडवे बसून नारळाची सोडणे आत सारायची. आजचे घर स्लॅबचे आहे. सिमेंट दिवसभर ऊन पिऊन घेते आणि रात्रभर ते सोडत राहते. चुलीवरून उतरवलेल्या तव्यावर शेवटची भाकरी शेकली जाते, तसे आपण त्या छपराखाली झोपतो. घराभोवती अंगणाच्या जागी फरशी आली, वाड्यातली झाडे गेली, आणि शेजारच्या घरांच्या वातानुकूलन यंत्रांची गरम हवा बाहेर येऊ लागली. वस्तीचा मुलूख आसपासच्या रानापेक्षा रात्री उबदार राहतो, याचे कारण हेच.

म्हणजे बाहेरच्या पाऱ्याने एक पाऊल टाकले असेल, तर अंथरुणातल्या पाऱ्याने चार टाकली. आईची थंडी हवेइतकीच घरातूनही गेली. माझ्या मते आपल्याकडच्या 'पूर्वीची थंडी राहिली नाही' या तक्रारीचा मोठा भाग इथे आहे, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते.

म्हणजे आठवण खोटी का?

खोटी नाही, पण ती दरवेळी नव्याने घडवलेली असते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली दाखवून दिले, की माणूस आठवण पेटीतून काढून दाखवत नाही, तो ती पुन्हा रचतो. आपल्या चवथीच्या गणपतीसारखी. पाट तोच, मूर्तिकाराचे घराणे तेच, घरच्यांच्या दृष्टीने गणपतीही तोच. पण माती दर वर्षी नवी मळलेली असते आणि नाकाची ठेवण थोडी बदललेली असते. आई दर डिसेंबरात तिच्या बालपणीची थंडी अशी नव्याने बसवते, आणि प्रत्येक खेपेस सारवलेल्या जमिनीचा, विझत आलेल्या चुलीचा, तिच्या आईने अंगावर सारखी केलेल्या गोधडीचा थोडा गारवा आणि थोडी ऊब तीत मिसळते.

शिवाय आठवणी आयुष्यावर सारख्या पसरलेल्या नसतात. उतारवयातल्या माणसांना साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी सर्वांत जास्त आठवतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यातही रोजचे विसरले जाते आणि टोकाचे राहते. दाट धुक्यात वाट चुकलेली एक सकाळ पुढे 'तेव्हा रोजच धुके पडायचे' अशी सांगितली जाते, आणि सांगणारा मुद्दाम फसवत नसतो.

उलट दिशेनेही आपण फसतो, हे सहसा सांगितले जात नाही. अमेरिकेतल्या ट्विटरवरच्या दोन अब्जांहून अधिक नोंदी तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की हवामान 'नेहमीचे' आहे की नाही हे लोक गेल्या दोन ते आठ वर्षांच्या अनुभवावरून ठरवतात. तिथे दहा वर्षे सलग हिवाळा उबदार राहिला, तर तोच नेहमीचा वाटू लागतो. तेव्हा एकच मन बालपणाची थंडी वाढवून सांगते आणि डोळ्यांसमोर चाललेला बदल पचवूनही टाकते. त्यामुळे 'आमच्या वेळी असे नव्हते' हा पुरावा धरता येत नाही आणि 'यात नवीन काय' हाही धरता येत नाही.

मग कोणाला विचारायचे?

ज्याला आठवण नाही त्याला. एक साक्षीदार प्रत्येक वाड्यात उभा आहे. उष्ण प्रदेशातल्या आंब्याला मोहर धरण्यासाठी पक्व फांद्यांबरोबरच गार रात्रींची गरज असते. रात्री उबदार राहिल्या की पुष्कळदा मोहराऐवजी नुसती पालवी फुटते. झाड बालपणाबद्दल हळवे नसते. मात्र पाऊस, खत, फवारणी, गेल्या वर्षीचे पीक यांचाही मोहरावर परिणाम होतो, म्हणून एका झाडाच्या एका वर्षावरून निकाल देऊ नये.

दुसरा साक्षीदार म्हणजे धालो, गोव्यातल्या बायकांची हिवाळ्यातली लोकगीते. तीही आठवणच, पण समूहाची असल्यामुळे वेगळ्या जातीची आहे. पौषातल्या चांदण्या रात्री बायका मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहून ही गाणी म्हणतात. उघड्या अंगणात, रात्री उशिरापर्यंत, अनवाणी पायांनी. गोव्याच्या हिवाळ्याचे गाणे कोणते, असे कोणी विचारले तर मी हेच दाखवीन. त्याला कापूस लागत नाही, कारण ते दुरून लिहिलेले नाही. ते म्हणताना पायाखालची जमीन गार लागते. तरी कापसाच्या बर्फाला मी हसणार नाही. हॉलिवूडच्या उकाड्यात बसलेल्या गीतकाराने जे केले, तेच त्या मुलाने आपल्या अंगणात केले, आणि दोघांनाही सारखाच घाम येत होता.

भाचीने यावर स्वतःचा उपाय काढला. सोप्याच्या खांबाला तिने एक तापमापक टांगला आणि सुट्टी संपेपर्यंत रोज पहाटे साडेसहाला आकडा पाहून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहिला: १९, १९, १८, २०, एकदा १७. सतराच्या दिवशी तिने तो आईला नेऊन दाखवला. आई चुलीजवळ बसली होती, कानावरून शाल घट्ट गुंडाळलेली, दोन्ही तळवे पेजेच्या वाडग्याभोवती धरलेले. तिने आकडा पाहिला आणि म्हणाली, "सतरा म्हणजे काही थंडी नव्हे. ते यंत्र बिघडलं असेल."